गरजू घरांसाठी धान्य गोळा करायचंय, सुरुवात कुठून करू?

खटपट्या:
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या काही घरांची सध्या फार ओढाताण चाललीये, कुणाचं काम सुटलंय, कुणाच्या घरी आजारपण, तर आम्ही काही जणांनी ठरवलंय की कोरडा शिधा गोळा करायचा आणि पंधरा दिवस तरी भागेल एवढा घरोघरी पोचवायचा. उत्साह उदंड, अनुभव शून्य. ग्रुपवर नुसता मेसेज टाकला तर "बिस्किटांचे पुडे पडून आहेत, नेता का" पासून "मी पातेलंभर जेवण करून देते" पर्यंत सगळं आलं. सामान मागायचं की पैसे? किती दिलं म्हणजे पुरतं? आणि कुणाला द्यायचं हे ठरवायचं कुणी? करून बघितलेल्यांनी सांगा प्लीज.

गोदामवाली:
आधी गोळा करू नका, आधी यादी करा. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग खोलीभर सामान घेऊन "कुणाला देऊ" म्हणत फिरतात. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, किराणावाला, यांना बरोबर माहीत असतं कुणाची उधारी वाढलीये आणि कोण पोरांना डबा देत नाहीये. त्यांना नावं विचारू नका हं, त्यांच्याकडून त्या घरापर्यंत निरोप पाठवा, ज्याला हवंय तो स्वतः सांगेल. आणि घरात विचारायचं ते मोजकंच: माणसं किती, लहान बाळ आहे का, कुणाला शुगर-बीपी आहे का, काय खात नाही, आणि शिजवायला गॅस किंवा सरपण आहे का. शेवटचा प्रश्न कुणी विचारतच नाही! चूल पेटत नसेल तर कच्ची डाळ घेऊन त्या बाईने करायचं काय.

किती द्यायचं याचा हिशोब सोपा आहे. आपत्तीत शिधा वाटणाऱ्या संस्था माणशी दिवसाला 2100 किलोकॅलरी धरतात, त्यात साधारण 400 ग्रॅम धान्य, 60 ग्रॅम डाळ, 25 ग्रॅम तेल, 5 ग्रॅम मीठ, बाकी साखर आणि पौष्टिक पीठ. म्हणजे चार माणसांना पंधरा दिवसांचं धान्य झालं 24 किलो, डाळ 3.6 किलो, तेल दीड किलो. घरात थोडंफार असतंच, तेव्हा एवढं सगळं जमलं नाही तरी चालेल, पण पाच किलोची पिशवी देऊन "महिन्याचं रेशन दिलं" असं सांगत सुटू नका, या हिशोबाने ती तीन दिवसांत संपते.

पैपैचा_हिशोब:
माझं मत विचाराल तर सरळ पैसेच मागा. घाऊक बाजारात तेवढ्याच पैशात जास्त माल येतो आणि सगळ्या किट सारख्या होतात, नाहीतर एकाच्या पिशवीत तेल आणि दुसऱ्याच्या पिशवीत तीन प्रकारचा सॉस. फक्त पैसे एकाने घ्यायचे आणि वहीत दुसऱ्याने लिहायचं, दोन्ही एकाच माणसाकडे नको, तो कितीही सज्जन असला तरी. आणि खरेदीची बिलं देणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायची, कुणी मागायच्या आधीच.

गोदामवाली:
पैसे बरोबर आहे दादा पण सगळ्यांना ते रुचत नाही, लोकांना आपल्या हाताने काहीतरी द्यायचं असतं, आणि पोरंसोरं तर पैशाच्या कामात येतच नाहीत. आम्ही मधला मार्ग काढतो, एका गल्लीला फक्त डाळ, दुसरीला फक्त तेल, तिसरीला साखर-मीठ. पॅकिंगही ठरवून द्यायचं, एक किलोचं बंद पाकीट, सुटं काही नाही. मग माळ्यावरचं जुनंपुराणं आपोआप बंद होतं.

वीतभर_वर:
तारखांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. "बेस्ट बिफोर" ही चवीची, दर्जाची तारीख, आणि "युज बाय" किंवा "एक्सपायरी" ही सुरक्षिततेची, दोन्ही एक नाहीत. तरी देताना दोन्ही उलटलेलं देऊ नका, समोरच्याला वाटतं आपल्याला टाकाऊ दिलं, आणि ते वाटणं चूक नाहीये. फुगलेला, गंजलेला, शिवणीवर चेपलेला डबा थेट कचऱ्यात, उघडून वास बिस घेत बसायचं नाही. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, फळ्या टाकून वीतभर वर ठेवा, ओल खालूनच येते. ज्याची तारीख जवळची ते आधी बाहेर काढायचं. साबण आणि पीठ एका पिशवीत नको, पिठाला साबणाचा वास लागतो. आणि तेलाची पिशवी वेगळ्या प्लास्टिकमध्ये गाठ मारून सगळ्यात वर ठेवा, ती फुटली की अख्खी किट गेली, पुठ्ठ्याच्या खोक्याचा बुडच निघतो हातात.

खटपट्या:
बापरे, भारी माहिती मिळाली. दोन शंका राहिल्या. शिजवलेलं जेवण देतो म्हणणाऱ्या ताई ऐकत नाहीयेत, आणि एकाने बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे देऊ केलेत, ते घेऊ ना?

रात्रपाळी:
जेवणाचं असं आहे की शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे, गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर आणि थंड तर 5 च्या खाली. म्हणजे ताईंच्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत दोन तासांत पोचत असाल तरच हो म्हणा. दहा घरं फिरताना ते होत नाही. ताईंना पॅकिंगच्या दिवशी हात लावणाऱ्यांना जेवू घालायला सांगा, खूश होतील :)

पावडर सरसकट किटमध्ये अजिबात टाकू नका. पाणी स्वच्छ नसेल, बाटली उकळता येत नसेल तर बाळाला जुलाब लागतात, शिवाय फुकट डबा आला म्हणून अंगावरचं दूध कमी होतं आणि डबा संपल्यावर ती आई अडकते. जे बाळ आधीच पावडरवर आहे त्याच्यासाठी नर्सला किंवा डॉक्टरांना विचारून, तेवढ्याच घरी. पाजणाऱ्या आईला मात्र तिच्या वाट्याचं धान्य-डाळ जरा जास्त द्या. आणि मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला नको, कुणी किटमध्ये टाकला तर तसं सांगून द्या.

पैपैचा_हिशोब:
वाटताना फोटो काढू नका एवढं माझं ऐका. देणाऱ्यांना पुरावा हवा असेल तर भरलेल्या किटच्या रांगेचा काढा.

चष्मेबहाद्दर:
फोटो नाही तर पुढच्या वेळी लोक देणार कसे? चेहरे झाकून टाकले की झालं की.

गोदामवाली:
अहो चेहरा झाकला तरी दार, पडदा, अंगणातली सायकल दिसतेच, शेजारपाजारचे लगेच ओळखतात. दोन जणांनी जायचं, संध्याकाळी, साध्या पिशवीतून, बॅनर-टीशर्ट काही नको. आणि @खटपट्या, दोन-तीन किट जास्तीच्या बांधून ठेवाच, यादीत नसलेलं एखादं घर वाटपाच्या दुसऱ्या दिवशी हळूच येतं विचारायला.