'मात्रोना' म्हणजे सुवासिनी का?

ओवी: रोमन सणांवरचा लेख मराठीत करतेय. १ मार्चच्या मात्रोनालियाला बायका एस्क्विलिन टेकडीवरच्या बाळंतपणाची देवी युनो लुकीनाच्या देवळात फुलं वाहत, घरी नवरे त्यांना भेटी देत. 'मात्रोना'ला मी 'सुवासिनी' लिहिलं, संपादकांनी 'विवाहिता' केलं. त्यात सण कुठे राहिला?

पाटीपेन्सिल: 'सवाष्ण' लिहा. बोडणाला आम्ही सवाष्णच सांगतो, विवाहिता नाही.

जुनी वही: सवाष्ण घरात ठीक, लेखात मूळ सुवासिनीच हवं. मनुस्मृतीत पाहुण्यांच्याही आधी जेवू घालायच्या माणसांत सुवासिनी आहे आणि टीकाकार अर्थ देतात नवी सून. नवरा हयात असण्याची अट नंतरची.

कृष्णाकाठ: नंतरची असली तरी आज तीच चालते ना! रोमन पुढारी ग्राकस बंधूंची आई कॉर्नेलिया विधवा होती, इजिप्तचा राजा टॉलेमीची लग्नाची मागणी तिने नाकारली. रोमला ती आदर्श मात्रोना वाटे. तिला सुवासिनी म्हणणार? बाबा गेल्यावर माझी आई घरच्याच हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसून राहायची. हेरवाडला विधवा प्रथा बंद करायचा ठराव झाला तो २०२२ साली.

पाटीपेन्सिल: मग शब्दच टाकायचा? मी तर आईंना आधी कुंकू लावेन आणि त्यांनाही सुवासिनी म्हणेन. वापरानेच अर्थ रुंदावतो.

कृष्णाकाठ: तुम्ही म्हणाल, वाचक तसं वाचणार नाही. ११ जूनच्या मात्रालिया या दुसऱ्या सणाला, मातेर मातुता देवीच्या देवळात दासींना मज्जाव होता. एकीला मुद्दाम देवळात आणून मारून हाकलत. आत-बाहेरची रेघ तिथेही होती, पण ती गुलामगिरीची. 'सुवासिनी' लिहिलं की आपली रेघ त्यांच्या देवळात जाते.

ओवी: हे पटलं. पण त्याच मातेर मातुताच्या मूर्तीला मुकुट घालायचा मान 'युनिविरा'चा, म्हणजे एकदाच लग्न झालेलीचा. पतिव्रता?

जुनी वही: एकपतिका.

पाटीपेन्सिल: कुणाला कळणार ते? आजी 'लग्नाची' आणि 'पाटाची' असं म्हणायची. युनिविरा म्हणजे पाट न लावलेली.

कृष्णाकाठ: 'पाटाची' हे हिणवून म्हणत. तेही नको.

ओवी: आणखी एक. मात्रालियाला बायका स्वतःच्या नाही, बहिणीच्या मुलांसाठी प्रार्थना करत.

पाटीपेन्सिल: माय मरो पण मावशी उरो! मावशीला लॅटिनमध्ये काय म्हणतात?

ओवी: मातेर्तेरा.

जुनी वही: पाहा, 'मातृ' दोन्हीकडे. आपली मावशी मातृष्वसावरून, म्हणजे आईची बहीण.

पाटीपेन्सिल: मला वाटायचं 'माय-सारखी'वरून. आजीने तसंच सांगितलं होतं.

जुनी वही: आजीचा अर्थ गोड आहे, व्युत्पत्ती नव्हे.

कृष्णाकाठ: आणि आत्या?

ओवी: आमिता. तिच्यासाठी सण मला अजून सापडलेला नाही.