४,२९,४९,६७,२९७ मूळ नसूनही चाचणीत उत्तीर्ण कशी होते?

प्रश्न:
२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. तिला ‘न’ म्हणू. १०० पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी मी तिला भागून पाहिले, एकदाही भाग निःशेष गेला नाही. मग ‘न मूळ असल्यास २ च्या (न − १) व्या घाताला न ने भागून बाकी १ उरते’ हा नियम संगणकावर पडताळला, तर बाकी नेमकी १ आली. तरीही ही संख्या संयुक्त असल्याचे वाचनात आले. माझे कुठे चुकले?

उत्तर १:
आकडेमोड बरोबर आहे, पण नियम आपण उलट्या बाजूने वाचलात. बाकी १ उरली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. त्यातही इथे २ हा पाया घेणे म्हणजे आरोपीचीच साक्ष काढणे: २ चा ३२ वा घात म्हणजे न वजा १ (म्हणजे न ने भागता बाकी −१ धरता येते), म्हणून त्याच्या वर्गाची, म्हणजे ६४ व्या घाताची, बाकी १, आणि न − १ ही ६४ च्या पटीतच असल्यामुळे आपली बाकी १ येणारच होती, संख्या मूळ असो वा नसो. पाया ३ घेतल्यास ३,०२,९०,२६,१६० बाकी उरते आणि प्रश्न मिटतो. अवयव मात्र त्यातून हाती लागत नाहीत.

उत्तर २:
ते १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दिले: ६४१ आणि ६७,००,४१७. अशा घडणीच्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या, सर्व संख्या मूळ असाव्यात असे गणितज्ञ फर्माला वाटत होते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ तशा आहेतही. १०० पर्यंतची आपली मेहनत मात्र (क्षमस्व) वायाच गेली, कारण या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या एखाद्या पटीहून १ ने मोठा असतो. म्हणजे १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ असे पाहत जायचे. त्यांत मूळ दोनच, आणि २५७ ने भागल्यास बाकी २ उरते. ६४१ साठी तर भागाकारही नको. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ गुणिले २ चा ७ वा घात याची बाकी −१; चौथा घात घेतल्यावर ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ असल्याने ६२५ च्या जागी −१६ ठेवता येतात, आणि २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते, म्हणजे त्यात १ मिळवल्यावर ६४१ ने भाग निःशेष जातो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ६७,००,४१७ मूळ आहे, हे कसे ठरवावे?

उत्तर २:
त्याच युक्तीने. तिचे वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे. त्या मर्यादेत २५७ वगळता ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्याच मूळ संख्या तपासायच्या. बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. म्हणून ती मूळ आहे.

उत्तर ३:
एक पुरवणी. ही संख्या ६५,५३६ व १ यांच्या वर्गांची बेरीज आहेच, शिवाय ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांचीही आहे. कोणतीही मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येत नाही, त्यामुळे संयुक्तपणाला एवढा पुरावाही पुरतो. गंमत म्हणजे २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे.