मार्चचा चेक आणि फिल्टरच्या कॅण्डल्स

समाजकामाला पैसे देणाऱ्या कंपन्या फक्त मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपताना जाग्या होतात, म्हणून स्वयंसेवी संस्थांशी त्यांचं नातं टिकत नाही आणि दोष कायद्याचा, असं अनेकजण म्हणतात. अर्धं पटलं. पण सगळा दोष कायद्यावर ढकलू नका. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचे सीएसआर (म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचे) नियम २०२१ साली बदलले. संचालक मंडळाने 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी ३ वर्षं काम चालवता येतं. उरलेली रक्कम ३१ मार्चनंतर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची. आपण संस्थावालेच हे मागत नाही.

आम्हाला एका कंपनीने ४ शाळांसाठी पाण्याचे फिल्टर दिले. फीत कापली, फोटो झाले. दिवाळीपर्यंत कॅण्डल्स चोंदल्या आणि त्या बदलायला करारात एक रुपया नव्हता. चूक आमचीही; पैसे येताहेत म्हटल्यावर कोण खोलात शिरतं! पुढच्या करारात देखभाल आणि शाळांत फेऱ्या मारणाऱ्या ताईंचा पगार आधी लिहून घेतला. (पगार म्हटलं की समोरच्यांचे चेहरे पडतात, ते वेगळं.)

आणि हो, कंपनीत एकाच साहेबाच्या भरवशावर राहू नका. आमच्या साहेबांची बदली झाली नि फाइल पुन्हा पहिल्या पानावर.