निधी दिला म्हणून आमदाराला गिर्यारोहण क्लबाचं मानद सदस्यत्व द्यायचं का?

कातळवेडा:
मंडळी, आमच्या क्लबात सध्या पेटलंय. ज्या आमदारांनी क्लायंबिंग वॉलला, म्हणजे चढाईच्या सरावाच्या भिंतीला, निधी मिळवून दिला त्यांना मानद सदस्यत्व द्यायचा ठराव रविवारच्या सर्वसाधारण सभेत येतोय. माझा विरोध आहे, आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे साधं सदस्य व्हायचं तरी बेसिक कोर्स आणि वर्षभर ट्रेकला हजेरी लागते. मानद म्हणून आजवर एकच माणूस घेतलाय, पायथ्याच्या वाडीतले मामा. आमचा एक पोरगा घळीत अडकला होता तेव्हा रात्री अडीचला, वर पाऊस धो धो, हे मामा कंदील छत्रीखाली धरून कारवीतून पुढे चालले होते आणि आम्ही हेडटॉर्चवाले त्यांच्या मागून घसरत. त्या नावाखाली आता साहेबांचं नाव लिहायचं? आभार माना, शाल-श्रीफळ द्या, वॉलवर पाटी लावा, कोण नाही म्हणतंय. सदस्यत्व काय प्रसाद आहे का वाटायला?

खजिनदार_बिचारा:
तुला बोलायला काय जातं रे. चढाईच्या जुन्या रोप बाद केल्या तेव्हा नव्या घ्यायला वर्गणीसाठी दारोदार कोण फिरलं ते आठव. २०१२ ला पुण्याच्या गिरिप्रेमी क्लबाचे ८ जण एका मोहिमेत एव्हरेस्टवर गेले, असल्या मोहिमा काय चहाच्या पैशात होतात? माणसं जोडावी लागतात. तेनसिंग-हिलरी १९५३ ला एव्हरेस्टवर पोचले आणि १९५४ ला दार्जिलिंगची गिर्यारोहण शिकवणारी संस्था उभी पण राहिली, कारण नेहरू आणि बिधानचंद्र रॉय यांनी मनावर घेतलं. सरकारात बसलेला माणूस आपला असला की कामं होतात, त्यासाठी एक सर्टिफिकेट फ्रेम करून दिलं तर आपला सह्याद्री खचणारे का?

कातळवेडा:
दार्जिलिंगचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. संस्था नेहरूंनी काढली, पण पोरांना कडा चढायला शिकवायचं काम तेनसिंगकडेच दिलं ना.

जुनी_पानं:
इतिहासात दोन्ही मासले सापडतात. लंडनच्या अल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या क्लबाचा १९४३ ते ४६ चा अध्यक्ष कोण, तर लिओ एमरी. हो तोच, चले जावच्या वेळचा आपला भारतमंत्री! माणूस आपल्याला कितीही नको असला तरी डोंगरातला खरा होता, कॅनडात त्याच्या नावाचं शिखर आहे ते १९२९ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी स्वतः चढून गेला. थिओडोर रूझवेल्ट तर हनिमूनला गेला असताना १८८१ ला आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर चढून आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वगैरे कोणी नव्हता. अशांना घ्या की, मी स्वतः अनुमोदन देतो. पण उलटं पण बघा, जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबात राजकारण एवढं शिरलं की १९२४ ला ज्यू सदस्य असलेली व्हिएन्नाची डोनाउलांड ही अख्खी शाखा त्यांनी बाहेर काढली. डोंगर चढणारी माणसं आपोआप मोठ्या मनाची असतात हा आपला एक गोड गैरसमज आहे.

खजिनदार_बिचारा:
कुठे व्हिएन्ना आणि कुठे आपली वॉल, काहीही जोडता राव तुम्ही.

घाटवाट:
मी खजिनदारांच्या बाजूने. २०१८ चा जीआर आठवा, ट्रेक नेणाऱ्या संस्थांवर केवढ्या अटी टाकल्या होत्या, आपल्यासारख्या हौशी क्लबांनी दुकान बंद करायची वेळ आली होती. निवेदनं द्या, बैठका करा, हेलपाटे घाला, २०२१ ला पर्यटन खात्याचं नवीन धोरण आलं तोपर्यंत तीन वर्षं यातच गेली. मंत्रालयात आपला शब्द टाकणारा कोणी असता तर एवढी चप्पल झिजली नसती.

रानजाई:
शब्द टाकायला सदस्यत्व कशाला लागतं, निवडून कशासाठी दिलंय त्यांना? आणि तो निधी त्यांच्या खिशातला नाही, माझ्या-तुमच्या टॅक्समधला आहे हे कोणी बोलतच नाहीये. आंबेनळी घाटात २०१८ ला बस कोसळली, ३० माणसं गेली, तेव्हा महाबळेश्वर-पोलादपूरकडचे ट्रेकर्स दोर लावून दरीत उतरले आणि एकेक मृतदेह वर काढला. त्यातल्या किती जणांना आपण मानद केलं? मला एवढंच सांगा, उद्या साहेबांनी पक्ष बदलला तर आपला क्लब कुठल्या गटात धरायचा?

घाटवाट:
😂 चिन्हावरून भांडण लागेल, कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) कोणाचा म्हणून.

खजिनदार_बिचारा:
हसा. मधला मार्ग सुचवतो. साहेबांना एकदा वॉलवर चढवू, खालून सुरक्षेचा दोर मी धरतो, वरची घंटा वाजवली तर सदस्य, नाही वाजवली तर शाल-श्रीफळ.

कातळवेडा:
हे मंजूर. पण तसा ठराव लिहून आण, नुसतं इथे बोलू नकोस.

रानजाई:
अहो कसला ठराव घेऊन बसलात. आत्ता चौकातून आले, फ्लेक्स लागलाय. "सुप्रसिद्ध गिर्यारोहक" साहेबांना मानद सदस्यत्व मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो, आणि साहेबांच्या मागे बर्फाचा डोंगर आहे तो मॅटरहॉर्न आहे.