प्रेअरीवरची गावं वाढली कशी?
जमीन जवळपास फुकट मिळाली म्हणून कॅनडातल्या प्रेअरीवरची, म्हणजे सपाट गवताळ मैदानांवरची, गावं वाढली, हे अर्धंच खरं आहे. १० डॉलर भरून १६० एकर मिळायचे, पण गहू विकायचा कुठे? घोडागाडीनं एका दिवसात जाऊन परत येता यावं, अशा बेतानं रुळांलगत साधारण दर १०-१५ किलोमीटरवर स्टेशन आणि धान्याचं उंच लाकडी कोठार उभं राहिलं. गाव त्याभोवती जमलं. सास्काटूनच बघा ना, १९०१ ला ११३ माणसं, १९११ ला १२,००४!

माझ्या डोळ्यासमोर मात्र सारखी येतात ती गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरं. लाकूड दुर्मीळ, म्हणून जमिनीच्याच भिंती. पाऊस थांबला तरी छत आत गळतच राहायचं.