निळी गाडी की यात्रा कंपनीची बस? लिहा तुमचे अनुभव

खिडकीपाशी:
काल भाचीला सोडायला सीएसएमटीला गेले होते. तिची गाडी पार लांबच्या फलाटावर, आणि शेजारच्या फलाटावर ती उभी. निळी. डेक्कन ओडिसी, आपली शाही पर्यटन गाडी. दाराशी फेटेवाले, खाली गालिचा, आणि गालिच्याला वळसा घालून बॅगा ओढत पळणारे आपण. भाचीने विचारलं, "मावशी, ही कुठे जाते गं?" म्हटलं, कुठे जाते ते सोड, आमच्या घरात एकदा भांडण लावून गेलीय.

२०११ ची गोष्ट. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. दोघांनी जन्मभर काटकसर केली, आता जरा थाट दाखवू, असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं. दादा माहितीपत्रक घेऊन आला. सात रात्री, नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा. आकडा ऐकून वहिनी म्हणाली, एवढ्यात गच्चीवर खोली चढेल.

बाबा आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होते. तीस वर्षं टपालाच्या डब्यात, तोंड खणांकडे आणि पाठ खिडकीकडे. त्यांनी चष्मा लावून ते पत्रक पहिल्या ओळीपासून वाचलं आणि एकच विचारलं, "गाडी धावते कधी?" दादा म्हणाला, बहुतेक रात्री. दिवसा ती थांबते, तुम्हाला फिरवून आणतात. बाबा म्हणाले, "म्हणजे पुन्हा रात्रपाळीच की!"

संपला विषय. दोन दिवसांनी स्वतः जाऊन यात्रा कंपनीत राजस्थानचे पैसे भरून आले. अकरा दिवस, बस, घरच्या चवीचं जेवण. आम्ही रुसलो, मग विसरलो.

बाबा २०१९ मध्ये गेले. नंतर कधीतरी आईची हिशोबाची वही हातात आली. तिला कव्हर त्या माहितीपत्रकाचं. आठ वर्षं ती वही स्वयंपाकघरात आमच्या नाकासमोर होती. विचारलं तर म्हणाली, "मला बसायचं होतं त्यात. विचारलं कुठे कुणी मला?"

आता ती ७६ ची आहे. दादा म्हणतो ज्येष्ठांची ग्रुप टूर बरी, माणसं असतात सोबत. माझं काही ठरत नाही. दोन्हीपैकी काही केलं असेल तर लिहा, बरंवाईट सगळं.

चहाबाज:
"पुन्हा रात्रपाळीच की". बाबांना साष्टांग.

धावतीपळती:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. सासूबाईंबरोबर हिमाचल, ग्रुप टूर. ट्रिपल शेअरिंगमधला तिसरा पलंग म्हणजे जमिनीवरची गादी, हे ज्ञान तिथे मिळालं. मनालीचं म्हणून दिलेलं हॉटेल मनालीच्या बारा किलोमीटर अलीकडे. खिडकीतून हिमशिखरं नाहीत, पेट्रोल पंप. मी धुमसत होते आणि सासूबाई एकदम खूश, का तर बसमध्ये त्यांच्या माहेरची बाई निघाली. दोघींनी बर्फाकडे ढुंकून पाहिलं नाही. कुणाची सून कशी, कुणाची शेती कुणी लाटली, अटल बोगद्यातसुद्धा तेच चालू. आज चार वर्षं झाली, दर रविवारी फोन असतो. आता तुम्हीच सांगा ही टूर फसली म्हणू की

अर्धवटराव:
वाक्य अर्धंच राहिलं. शिट्टी झाली वाटतं.

धावतीपळती:
पाच झाल्या. वरणाची लापशी झाली.

शिट्टीवाला:
नऊ वर्षं टूर मॅनेजर होतो, म्हणून थोडं आतलं. सहा-सात-आठ तुम्हाला माहीतच असेल, सहाला उठवणं, सातला नाश्ता, आठला बस हलणार. याच्यावर लोक हसतात, पण चाळीस माणसं तशीच हलतात, दुसरा उपाय नाही. खरा ताप पुढच्या सीटचा. रोज दोन-दोन रांगा मागे सरकायचं असा तक्ता करून दारावर चिकटवायचो. पहिल्या दिवशी सगळे मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी एकाला गुडघा आठवतो, एकीला उलटी आठवते. भावकीत बांधावरून होत नाहीत एवढी भांडणं मी त्या सीटवरून सोडवलीत.

ताई, आईंसाठी विचारताय तर किंमत सगळ्यात शेवटी बघा. आधी पत्रकातलं "समाविष्ट नाही" हे बारीक अक्षरातलं पान वाचा. "दर्शन" लिहिलंय की "बाहेरून दर्शन", हे बघा, कारण दुसऱ्यात बस थांबतेच असं नाही. हॉटेलला लिफ्ट आहे का. आणि रोज बसमध्ये किती तास, हे तोंडी नको, लिहून घ्या. राजस्थानात जोधपूर ते जैसलमेर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पत्रकात ते "सकाळी नाश्ता करून जैसलमेरकडे प्रस्थान" एवढंच दिसतं. शोरूमचे थांबे धरत जा, ते कुठेच लिहिलेले नसतात.

खिडकीपाशी:
शिट्टीवाला, हे फार कामाचं. आई त्या राजस्थानहून पाय सुजवून आली होती, आता कळलं.

जुनीपुराणी:
मी केलाय शाही गाडीचा प्रवास. धाकट्या दिराने परदेशातून पैसे भरले होते, आम्ही नाही म्हणत असताना. राजस्थानकडची गाडी, नाव राहू दे. पहिल्या संध्याकाळी गळ्यात हार, कपाळाला टिळा. हे तर इतके अवघडले की हार घालणाऱ्यालाच वाकून नमस्कार केला. डब्यातली खोली म्हटलं तर सुंदर, म्हटलं तर आमच्या चाळीतल्या मोरीला पलंग लावल्यासारखी. दोन बॅगा उघडायच्या तर एकाने पलंगावर चढून बसायचं. रात्री गाडी अशी हिसके देते की गालिचा कितीही मऊ असला तरी झोप ती झोप नाही. आणि एवढे लाखांनी पैसे भरूनही सवाई माधोपूरला वाघ बघायला पहाटेच उठवलं! म्हणजे सहा-सात-आठ तिथेही आहेच, फक्त उठवणारा पगडी घालून येतो. स्टेशनबाहेर आलं की पुढे बसच असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरं सांगू? तिसऱ्या दिवशी ह्यांनी पिशवीतून मेतकुटाची डबी काढली आणि त्या चकचकीत ताटलीतल्या भातावर घेतली. मला धरणी ठाव देईना. तर समोरच्या टेबलावरचा गोरा गृहस्थ डबी हातात घेऊन वास घेतोय. तो त्याच्या देशात इंजिन ड्रायव्हर होता म्हणे, आयुष्यभराची पुंजी मोडून आला होता. मग काय, ह्यांचं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी दोन्ही सारखंच मोडकं, रोज रात्री दोघे हातवारे करत बसायचे. आठव्या दिवशी मुंबईत उतरून लोकलला तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकले तेव्हा एकटीच हसत होते मी. बायका बघत होत्या.

मनमौजी:
चौथी सीट!! बास, धाग्याचं सार्थक झालं.

निवृत्त_मास्तर:
थोडा इतिहास, चालेल ना? आपल्याकडे हा प्रकार पॅलेस ऑन व्हील्सने सुरू केला, २६ जानेवारी १९८२. सुरुवातीला संस्थानिकांचे खरेखुरे जुने सलून, म्हणजे त्यांचे खासगी डबे, वापरले होते, मीटर गेजच्या अरुंद रुळांवर. मार्ग रुंद झाले तसे डबे नवे आले. मग २००४ मध्ये आपली डेक्कन ओडिसी, २००८ मध्ये कर्नाटकची गोल्डन चॅरियट, २०१० मध्ये महाराजाज एक्सप्रेस. या शेवटच्या गाडीत एक आख्खा डबा एकाच पाहुण्याच्या दालनाला दिलाय, त्यात न्हाणीघरात टब आहे. धावत्या गाडीत टबातलं पाणी कसं राहत असेल, हा मला भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणून पडलेला प्रश्न आहे.

चहाबाज:
मास्तर, परीक्षेत विचारू नका म्हणजे झालं.

भाजणीवाली:
एक किलोला मेथी किती घालायची? मागच्या वेळी कडू झाली.

अर्धवटराव:
ताई, धागा चुकलात. इथे गाड्या चालल्यात.

भाजणीवाली:
अगं बाई, हो की. पाककृतीवाला उघडला असं वाटलं. आलेच आहे तर सांगते. २००२ मध्ये गावातून काशीला गेलो होतो. यात्रा कंपनी वगैरे काही नाही, गावातल्याच एकाने बस ठरवली. टपावर शेगड्या, पातेली, तांदळाची पोती आणि सोबत आचारी. जिथे हापसा दिसेल तिथे बस थांबायची आणि चूल पेटायची. बायका भाज्या चिरायला बसायच्या, म्हणजे सुट्टी पुरुषांनाच, आम्ही घरचंच काम दुसऱ्या राज्यात जाऊन केलं. जबलपूरच्या पुढे टायर फुटला तर शेतात रात्र काढली. माझी आई तेव्हा सत्तरीची, भजनं म्हणत बसली होती. गंगा बघून काय वाटलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण त्या शेतातल्या पिठल्याचं शेवटपर्यंत सांगायची. खिडकीपाशी, तुमच्या आईला विचारा हो. माझ्या आईलाही मी कधी विचारलं नाही.

सह्यवेडा:
रेल्वेच्या भारत गौरव पर्यटन गाडीचं कुणीच नाही लिहिलं? जून २०२५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज सर्किटला गेलो होतो. सहा दिवस, सीएसएमटीहून निघून रायगड, पुण्यात लाल महाल, कसबा गणपती, मग शिवनेरी, भीमाशंकर, प्रतापगड, कोल्हापूर, पन्हाळा. स्लीपरचे तेरा हजारांच्या आसपास, एसीला अर्थातच जास्त. आख्खी गाडी आपलीच माणसं, सातशेच्या आसपास. रायगडासाठी माणगावला उतरलो तेव्हा धो धो पाऊस आणि लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे घोषणा देतायत. अंगावर काटा आला. आता आईंसाठी म्हणाल तर विचार करा. गड म्हणजे पायऱ्या, त्याला इलाज नाही. बुकिंग करतानाच खालचा बर्थ मागा. आमच्या डब्यात एक आजोबा मधल्या बर्थवर चढले ते दुसऱ्या दिवशी उतरायलाच तयार नाहीत, म्हणे परत चढवणार कोण.

मनमौजी:
मी तिसऱ्याच पंथाचा. शाही गाडीच्या पैशांत साध्या गाडीचा फर्स्ट एसी, उतरल्यावर चांगलं जुन्या वाड्यातलं हॉटेल आणि दिवसभर स्वतःची टॅक्सी, असं दोनदा होतं, वर पैसे उरतात. फर्स्ट एसीत दोघांचं कूपे मिळालं तर दार लावून घ्यायचं, झाला आपला महाल. फक्त कूपे मिळणार की चौघांची केबिन, ते चार्ट लागल्यावरच कळतं. आम्हाला चौघांची मिळाली. सोबतच्या काकांनी रात्रभर घोरून इंजिनाला साथ दिली.

टेकडीवरचा:
बाबांचा प्रश्न मला पटला. खिडकी नाही तर रेल्वे कशाला? निलगिरीची छोटी गाडी घ्या, मेट्टुपालयम ते उटी, ४६ किलोमीटरला पाचेक तास. चढावर रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे, इंजिन त्यात दात रोवून वर चढतं. १६ बोगदे, आणि प्रत्येक बोगद्यात आख्खा डबा किंचाळतो, त्यात मीही. बाक कडक आहेत हं, उशी न्या. नाहीतर कोकणात विस्टाडोम. छताला काच, खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करता येतं. पावसाळ्यात जा.

धावतीपळती:
विस्टाडोमला माझ्या नवऱ्याने सहा तास खुर्ची फिरवली. पन्नाशीचा माणूस.

खिडकीपाशी:
सगळं वाचून दाखवलं आईला. आजोबा मधल्या बर्थवर अडकले त्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मी सरळच विचारलं, आई, तुला त्या गाडीत नेमकं काय हवं होतं? मला वाटलं गालिचा, फेटेवाले वगैरे म्हणेल. म्हणाली, "टेबलाशी बसावं, चहा कुणीतरी आणून द्यावा, तो मी केलेला नसावा, आणि बाहेर झाडं पळत असावीत. समोर हे बसलेले असावेत." शेवटचं आता कुठून आणू.

जुनीपुराणी:
ताई गं.

निवृत्त_मास्तर:
पहिल्या तीन गोष्टी डेक्कन क्वीनमध्ये मिळतात. १ जून १९३० पासून धावतेय, आणि अजून डायनिंग कार आहे तिला. टेबल, खुर्ची, शेजारी मोठी खिडकी. संध्याकाळी मुंबईहून सुटते. उन्हाळ्यात न्या म्हणजे घाटात उजेड असतो. आमलेट मागवा, चहा मागवा. चौथ्या गोष्टीचं मास्तरांकडेही उत्तर नाही.

शिट्टीवाला:
आणि समोरच्या खुर्चीवर तुम्ही बसा, मोबाइल बॅगेत ठेवून.

खिडकीपाशी:
काढली तिकिटं, पुढच्या शुक्रवारची. आईला सांगितलं तर आधी विचारलं किती पडले, मग वहीत लिहून ठेवले. त्याच वहीत. आणि मला म्हणाली, "ही झाली रंगीत तालीम. निळीचं रद्द समजू नकोस." दादाला अजून सांगितलेलं नाही, वहिनीची गच्ची परत निघेल.

चहाबाज:
आई पण भारी निघाल्या.

सह्यवेडा:
शनिवारी वृत्तांत हवा. आमलेटसकट.

भाजणीवाली:
सगळं छान झालं. पण मेथीचं सांगा ना कुणीतरी, गिरणी आठला बंद होते.

जुनीपुराणी:
किलोला दोन चमचे, भाजून. आणि धणे जास्त घाला म्हणजे कडूपणा झाकतो.