पंक सिंगल्सची पहिली प्रत ओळखायची कशी?

सातपूरकर: नमस्कार मंडळी. सातपूरला कंपनीत आहे. बाबांच्या जुन्या हिंदी-मराठी ईपी घरात आहेत, त्यामुळे टर्नटेबल आधीपासून चालू स्थितीत आहे. मला मात्र ब्रिटिश पंक रॉकचं वेड लागलंय. मुंबईतला एक विक्रेता सेक्स पिस्टल्स या बँडचं ‘अनार्की इन द यूके’ हे सिंगल (एका बाजूला एकच गाणं असलेली छोटी तबकडी) १९७६ चं ओरिजिनल म्हणून देतोय. लेबल ईएमआय कंपनीचं, वर रंगीत चित्राचं चकचकीत कव्हर. मागतोय ती रक्कम माझ्या गाडीच्या हप्त्याहून जास्त आहे. घेऊ का?

इंदिरानगर४५: रंगीत कव्हर? मला तिथेच शंका आली. गोदाकाठ काकांची वाट बघ.

गोदाकाठ: पैसे पाठवू नकोस. ईएमआयने हे सिंगल २६ नोव्हेंबर १९७६ ला बाजारात आणलं ते साध्या काळ्या कागदी कव्हरात. ती कव्हरं संपल्यावर कंपनीचं नेहमीचं कव्हर आलं. ईएमआयच्या ब्रिटिश प्रतीला चित्राचं कव्हर नव्हतंच. तेव्हा एक तर कव्हर मागाहून चढवलंय, नाहीतर तबकडीच मागाहून काढलीय.

आता लेबल बघ. दुसऱ्या बाजूला ‘आय वॉना बी मी’ आहे. ते डेव्ह गुडमनने प्रोड्यूस केलेलं, पण सुरुवातीच्या प्रतींवर दोन्ही बाजूंना ख्रिस थॉमसचंच नाव छापून गेलं आणि नंतर दुरुस्त झालं. म्हणून चुकीचं नाव असलेली प्रत आधीची. जानेवारी १९७७ मध्ये तर ईएमआयने बँडशी करारच मोडला, त्यामुळे या प्रती निघाल्या त्या मोजक्या आठवड्यांत.

पण लेबल आणि कव्हर दोन्ही छापता येतात. माझा भरवसा गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते तिच्यावर. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की तिथली कोरलेली अक्षरं उठून दिसतात. ईएमआय २५६६ हा नंबर, पुढे बाजूचं अक्षर आणि कटिंगचा, म्हणजे मूळ तबकडी कितव्यांदा कोरली त्याचा आकडा. दोन्ही बाजूंचे तसे फोटो मागव आणि डिस्कॉग्ज या रेकॉर्डांच्या वेबसाइटवरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

कुणी याच बँडचं, ए अँड एम कंपनीच्या लेबलचं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ दाखवलं तर हातही लावू नकोस. मार्च १९७७ मध्ये त्या कंपनीने आठवड्याभरातच बँडला काढून टाकलं आणि छापलेल्या जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या. वाचलेल्या अगदी थोड्या, आणि नकला उदंड. व्हर्जिन कंपनीची त्याच वर्षीची प्रत मात्र भरपूर खपली होती, ती अजून आपल्या आवाक्यात येते.

आणि माझं ऐकशील तर सुरुवात बझकॉक्स बँडच्या ‘स्पायरल स्क्रॅच’ या ईपीपासून कर. मँचेस्टरच्या या पोरांनी मित्रांकडून, घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले, स्वतःचं न्यू हॉर्मोन्स लेबल काढलं आणि जानेवारी १९७७ मध्ये १,००० प्रती काढल्या. कव्हरच्या मागे कुठलं गाणं कितव्या टेकचं (कितव्या प्रयत्नातलं), त्यावर मागाहून चढवलेले डब किती, सगळं छापलंय. रेकॉर्ड कशी बनते ते ऐकणाऱ्याला सांगून टाकायचं, हा मोकळेपणा मला फार मोठा वाटतो. १९७९ ला ती पुन्हा निघाली तेव्हा कव्हरवर ‘विथ हॉवर्ड डिव्होटो’ असं, म्हणजे तोवर बँड सोडून गेलेल्या पहिल्या गायकाचं नाव वाढवलं. दोन्ही वेगळ्या ओळखायची सगळ्यात सोपी खूण तीच. ऐकायला १९७९ ची घे, खुशाल घे.

कॉलेजरोडची: पावसाळ्याचंही सांगा ना काका. माझ्या दोन कव्हरांना जुलैत बुरशी आली.

गोदाकाठ: ताई, रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला कपाट चिकटवू नका. जाड पीव्हीसीची पाकिटं काढून टाका, त्यांनी तबकडीवर धुरकट डाग पडतात. पॉलिथिनची वापरा. जुनं कव्हर वेगळं ठेवून तबकडी नव्या कागदी पाकिटात घातली तरी चालते. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहू देऊ नका, वाकली की पिन उडते.

सातपूरकर: काका, फोटो आले. पट्टीवर २५६६ कुठेच नाही, भलताच नंबर आहे. नको म्हणून कळवलं. ‘स्पायरल स्क्रॅच’ १९७९ ची कुणाकडे आहे का?

गोदाकाठ: माझ्याकडे जास्तीची आहे. कव्हरचा एक कोपरा दुमडलाय, तबकडी स्वच्छ. रविवारी पंचवटीत ये, लावून ऐक, मग पैशांचं बोलू.